पाकहोकची सहा टेबलं

मेट्रो स्टेशनच्या बाहेर शहराने एक रंगीत फलक लावला आहे. पाहुण्यांनी वर्षभरात ग्वांगचौला येऊन काय काय बघावं, ते त्यावर लिहिलेलं आहे. नव्या वर्षाआधीचा फुलांचा बाजार, पहिल्या पौर्णिमेचे कंदील, सातव्या महिन्यातली मुलींची सप्तमी, आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या चित्रात, याउथाम गावच्या होड्या. चित्रात ड्रॅगनचं तोंड आहे, उडणारं पाणी आहे आणि वल्हेकऱ्यांची आ वासलेली तोंडं आहेत. खाली लिहिलंय, 'पाचव्या महिन्याचा तिसरा दिवस. प्रवेश मोफत.' फुंगयी रोज भाजी घेऊन त्या फलकासमोरून जायची आणि रोज मनात म्हणायची, सगळं लिहिलंत, मुख्य तेवढं राहिलं. पाकहोकवाले येणार आहेत की नाही, ते लिहा की.

याउथामला गाव म्हणायचं ते सवयीने. चहूबाजूंनी काचेचे मनोरे उभे राहिले आहेत आणि मधे जे उरलं ते गाव: एक खाडी, काठचा वड, लो घराण्याचा दिवाणखाना, म्हणजे पूर्वजांच्या पूजेची आणि गावजेवणांची वास्तू, आणि त्याच्या मागचं तळं. या तळ्याच्या चिखलात गावची जुनी होडी वर्षभर पुरलेली असते. उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं, म्हणून. चौथ्या महिन्यात तिला उपसून काढायची, धुवायची, ड्रॅगनचं डोकं बसवायचं आणि मग आसपासच्या गावांना बोलवायचं. ज्याच्या त्याच्या गावचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी बाकीच्या गावांच्या होड्या भरतीच्या पाण्यावर येतात, मिरवतात, जेवतात आणि जातात. शर्यत नसते. शहरातून बघायला आलेली माणसं दरवर्षी विचारतात, "कोण जिंकलं?" आणि गावातली म्हातारी माणसं दरवर्षी सांगतात, "जेवलं कोण, ते विचारा."

या सगळ्यांत पाकहोकची होडी म्हणजे याउथामचं धाकटं भावंड. कुठल्याशा जुन्या वादळात पाकहोकचे लोक वाहत आले, याउथामने त्यांना ओढून काढलं आणि तेव्हापासून दोन्ही गावं भाऊ झाली. भाऊ झाल्यामुळे मानपान आले. लग्नातल्या व्याह्यांचं एकवेळ परवडलं. पाकहोकची होडी खाडीत शिरली की तिच्यासाठी फटाक्यांची माळ वाजलीच पाहिजे. फटाके वाजले की ती तीनदा पुढे येते, तीनदा मागे जाते आणि मग काठाला लागते. फटाके वाजल्याशिवाय तिच्यातला एकही माणूस याउथामच्या मातीला पाय लावत नाही. आणि गेल्या वर्षी नेमके फटाकेच वाजले नाहीत.

शहरात खऱ्या फटाक्यांना बंदी येऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दुधाची तहान ताकावर. लाल प्लास्टिकची माळ लटकवायची आणि आवाज स्पीकरमधून काढायचा. स्पीकर बायकांच्या नाचाचा होता. संध्याकाळी वडाखाली फुंगयी आणि तिच्या मैत्रिणी त्याच्यावर गाणी लावून नाचायच्या. आदल्या संध्याकाळी त्या जरा जास्त नाचल्या आणि तो चार्ज करायचं काम फुंगयीचा नवरा वायमान याच्याकडे होतं. वायमान विसरला. पाकहोकची होडी वळणावर दिसली, वायमानने बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. होडी वाट बघत पुढे आली, मागे गेली. पुन्हा पुढे आली, मागे गेली. तिसऱ्यांदा मागे गेली ती गेलीच. काठावरच्या पाहुण्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

फुंगयी तेव्हा दिवाणखान्याच्या मागच्या अंगणात चुलीपाशी होती, आणि तिच्या शेजारी लाकडी ठोकळ्यावर भाजलेल्या हंसाचे तुकडे करत होती सिउलिन. सिउलिन म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी डोंगराकडच्या गावातल्या. एक याउथामला दिली, एक पाकहोकला. सिउलिनचा नवरा तिनयाऊ पाकहोकच्या होडीवर ढोल वाजवतो. बायकांनी होडीत बसायचं नसतं, म्हणून सिउलिन दरवर्षी या दिवशी पहाटेच मेट्रोने यायची आणि थोरल्या बहिणीबरोबर दोन्ही गावांचं जेवण रांधायची. खरं तर त्यांचा सण तोच होता. होड्या पुरुषांनी मिरवाव्यात, त्या दोघी चुलीच्या धुरात माहेर करून घ्यायच्या.

होडी परत गेल्याचं कळलं तेव्हा सिउलिनने हात पुसले.

"उन्हातान्हात एवढी माणसं आली," ती म्हणाली, "आणि तुम्हाला साधा फटफट आवाज करता आला नाही."

फुंगयीने त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. पण चुलीसमोर उभ्या असलेल्या बाईला गप्प बसायचं सुचत नाही. ती म्हणाली, "आवाजाने कधीपासून पोट भरायला लागलं तुमचं? जेवायला येता की ऐकायला?"

"जेवायला येतो?" सिउलिन म्हणाली. "बरं. आठवण ठेवीन." आणि ती मागच्या फाटकातून निघून गेली. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. नव्या वर्षाला फुंगयीने फोन केला तो वाजून वाजून थांबला.

सिउलिनची सुरी मात्र ठोकळ्यावर राहिली.

सुरी साधी नव्हती. रुंद पात्याची, मुठीला तिच्या हाताचा आकार आलेली. सिउलिन दुसऱ्या कुणाच्या सुरीने कांद्याची पातही चिरत नसे. फुंगयीने ती धुतली, तेल लावलं आणि अंगणातल्या खिळ्याला टांगली. परत पाठवायची तर पंचाईत. आपल्या माणसाला सुरी पाठवणं म्हणजे नातं कापणं, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारच्या लायवहिनींनी तोड काढली होती.

"तिच्याकडून एक नाणं घे. म्हणजे विकली असं होतं. दोष लागत नाही."

"नाणं द्यायला ती बोलली तर पाहिजे," फुंगयी म्हणाली. "आणि बोलली तर सुरी पाठवायची कशाला? येईल आणि घेऊन जाईल."

"म्हणजे तशी नाही, अशीही नाही."

"म्हणून तर टांगलीय."

वर्षभर सुरी टांगलेली राहिली. महिन्यातून एकदा फुंगयी ती उतरवायची, धार लावायची, तेलाचं बोट फिरवायची आणि पुन्हा टांगायची. वायमान बघून न बघितल्यासारखं करायचा. गेल्या वर्षापासून तो घरात बराच नम्र झाला होता.

यंदा होडी उपसल्यावर गावच्या चार माणसांनी रीतीप्रमाणे लाल कागदावरचं आमंत्रण नेऊन पाकहोकच्या दिवाणखान्याच्या भिंतीला चिकटवलं. अशा आमंत्रणाला उत्तर येत नसतं. होडी आली की आली. ज्या चौघांनी कागद लावला त्यांना पाकहोकमध्ये कुणी चहा विचारला नाही, पण कुणी कागद फाडलाही नाही. त्या न फाडलेल्या कागदावर फुंगयीने आशा धरली.

टेबलांवरून वाजलं ते आदल्या दिवशी. होड्यांचं सगळं बघणारे हाऊकाका अंगणात आले. हाऊकाकांचं वय झालंय, पण आवाज अजून काठावरून वळणापर्यंत जातो.

"फुंगयी, पाकहोकची सहा टेबलं यंदा काढून टाक. शहरातून सहलीची माणसं येणार आहेत, ती बसतील. त्यांना गावचं जेवण हवंय."

"पाकहोकवाले कुठं बसतील?"

"येतील तेव्हा बघू."

"आल्यावर टेबल मांडायचं म्हणजे? काका, तुमच्याकडे पाहुणा आला आणि तुम्ही त्याच्यासमोर खुर्ची शोधायला लागलात तर तो काय समजेल?"

"आणि आलेच नाहीत तर? दाराजवळची सहा टेबलं रिकामी. सगळ्या गावांच्या डोळ्यांदेखत. हसतील लोक."

"मला हसतील. तुम्ही सांगा, स्वयंपाकीण ऐकत नाही म्हणून."

हाऊकाकांनी वायमानकडे पाहिलं. वायमान स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता. यंदा त्याने दोन स्पीकर आणले होते आणि दोन्ही तीन दिवस चार्जिंगला लावून ठेवले होते.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "मला या घरात अजून मत नाही."

तर सहा टेबलं मांडली गेली. दाराशी, सावलीत, मानाच्या जागी. फुंगयीने स्वतः त्यांच्यावर लाल कापड घातलं, वाट्या पालथ्या मांडल्या, आणि झोपायला गेली तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. हसण्याची नव्हे. तिला वाटलं, उद्याही सिउलिन आली नाही तर मग ती कधीच येणार नाही. माणसं एका वर्षी रुसतात तेव्हा तो रुसवा असतो. दुसऱ्या वर्षी ती सवय होते.

दिवस उजाडला तो होड्यांचाच. सकाळपासून खाडीचे दोन्ही काठ माणसांनी भरले. टोप्या, छत्र्या, काठीला लावलेले फोन. लीचीवाल्या बायकांनी जुड्या मांडल्या. मुलांना होडीने उडवलेलं पाणी अंगावर घ्यायचं होतं, कारण ते शुभ असतं, आणि आयांना ते नको होतं, कारण खाडी खाडी आहे. भरती चढली तशा होड्या येऊ लागल्या. एकेका होडीचं नाव पुकारलं जाई, वायमान बटण दाबी, आणि दोन्ही स्पीकर असे काही तडतडत की वडावरचे पक्षी मनोऱ्यांकडे जात. वायमानच्या चेहऱ्यावर वर्षाने रंग आला. होडीमागून होडी जेवून जात होती. कढया रिकाम्या होऊन पुन्हा भरत होत्या. वाळलेली कोळंबी, चवळीच्या शेंगा आणि हंसाचे बारीक तुकडे घातलेला भात फुंगयी फावड्याएवढ्या डावाने परतत होती आणि प्रत्येक नाव कान देऊन ऐकत होती. पाकहोक नव्हतं.

दुपार झाली. काठावरच्या दगडांची ओली रेघ दिसू लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं. खाडीत होड्या येतात त्या भरतीवर. ओहोटी लागली की या चिखलात बदकदेखील पोहत येणार नाही. दाराशी सहा लाल टेबलं, आणि त्यांच्याभोवती जेवणाऱ्यांची गर्दी. प्रत्येक जण येता-जाता त्या पालथ्या वाट्यांकडे एकदा बघायचा आणि मग फुंगयीकडे.

सहलीची मंडळी केव्हाची उभी होती. त्यांना घेऊन आलेली मुलगी हातात छोटं निशाण धरून फुंगयीपाशी आली. "मावशी, आमची माणसं सकाळपासून उन्हात आहेत. ही टेबलं रिकामीच आहेत ना?"

"रिकामी नाहीत. पाहुणे यायचेत."

तिच्यामागे एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत उभे होते. त्यांची भाषा उत्तरेकडची होती. ते हसत म्हणाले, "आम्हीपण पाहुणेच की, ताई."

माणूस बरोबर बोलला होता, हे फुंगयीला पटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही पाहुणे आहात, भाऊ, आणि तुम्हाला मी उपाशी पाठवणार नाही. पण ते रुसलेत. रुसलेल्याचं ताट आधी मांडायचं असतं."

गृहस्थांनी मान हलवली. "माझाही एक मेव्हणा आहे," ते म्हणाले, आणि वडाच्या मुळावर जाऊन बसले.

हाऊकाका आले. त्यांनी खाडीकडे बोट दाखवलं. चिखलाची पट्टी आता चांगली हातभर उघडी पडली होती. फुंगयीने डाव खाली ठेवला. धुराचं निमित्त करून तिने डोळे पुसले. बसवा त्यांना, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागच्या फाटकाशी लायवहिनींचा आवाज आला.

"अगंबाई. ही बघ कोण."

फाटकाबाहेर सिउलिन उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात चपला, केस विस्कटलेले. ती आत आली नाही. तिने फुंगयीकडे बघितलंही नाही. ती लायवहिनींना म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकिणीला सांगा, आमची होडी खाडीच्या तोंडाशी रुतलीय."

लायवहिनी दोघींच्या बरोबर मधे उभ्या होत्या. त्यांनी वळून फुंगयीला सांगितलं, "त्यांची होडी रुतलीय म्हणते."

"मला ऐकू येतं," फुंगयी म्हणाली. आवाज तिने सपाट ठेवला. "तिला विचारा, भरती होती तेव्हा कुठं होते सगळे?"

"विचारते कुठं होते."

"यांना सांगा, पुलाखाली होते. चहा पीत." सिउलिनचा स्वर जरा खाली आला. "ढोलवाला म्हणाला, बसू देत त्यांना वाट बघत. सगळ्यांत शेवटी जाऊ. जरा घाम फुटू दे."

"ढोलवाला म्हणजे हिचा नवरा," लायवहिनींनी फोड केली.

"ते कळलं मला. मग?"

"मग काय, घाम फुटेपर्यंत पाणी उतरलं."

अंगणात कुणीतरी हसू दाबलं. फुंगयीचे ओठ हलले. "मग उतरून ढकला म्हणावं. चिखल काय चावतो?"

आता सिउलिन थेट तिच्याशीच बोलली. वर्षाचा अबोला असा चिखलातल्या होडीवरून मोडला. "कसं ढकलणार? फटाके वाजले नाहीत तर उतरायचं कसं? सगळे बसून आहेत उन्हात. एकही उतरत नाही. मी काठावरून ओरडून दमले. हा म्हणतो, आवाज ऐकू आल्याशिवाय पाय खाली ठेवणार नाही. बापाने ठेवला नव्हता, आजाने ठेवला नव्हता."

"त्याच्या आजाला निदान ओहोटीची वेळ ठाऊक होती."

"ते मी त्याला सांगितलं."

"जेवलात का कुणी?"

"ताई, सकाळपासून नुसता चहा."

'ताई' ऐकल्यावर फुंगयीला जे व्हायचं ते झालं. तिने पदर नसल्यामुळे बाहीनेच नाक पुसलं आणि हाक मारली, "अहो. स्पीकर घ्या."

वायमान आधीच स्पीकरपाशी वाकला होता. तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सकाळपासून येतील त्या सगळ्या गावांसाठी तडतडून दोन्ही यंत्रं थकली होती. तांबडा दिवा लुकलुकत होता. "खाडीच्या तोंडापर्यंत नेईन," तो म्हणाला, "पण तिथे बोलेल याची मी हमी देत नाही. गेल्या वर्षीपासून मी हमी देणं सोडलंय."

फुंगयीने त्याला एक शब्द सुनावला नाही. तिने मोठ्या कढईवरचं लोखंडी झाकण उचललं, दुसऱ्या हातात डाव घेतला आणि एकदा मारून बघितलं. आवाज खणखणीत निघाला. मग तिने अंगणातल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्या तिच्याबरोबर रोज संध्याकाळी नाचणाऱ्या. ठेका त्यांना शिकवायला नको होता.

"झाकणं घ्या," ती म्हणाली. "कढया घ्या, पातेली घ्या, काय मिळेल ते घ्या."

हाऊकाका मधे पडले. "अगं, भांडी वाजवून होडीचं स्वागत? अशी रीत नाही."

"स्पीकरची होती का रीत? काका, आवाज माणसांनी करायचा असतो. इतकी वर्षं यंत्राला करायला लावला, म्हणून तर ही वेळ आली."

काकांनी थोडा विचार केला. मग तेही चहाचा जर्मनचा ट्रे उचलून निघाले.

खाडीकाठच्या अरुंद वाटेने ती वरात निघाली: पुढे फुंगयी आणि चिखलाने माखलेली सिउलिन, मागे बायका, त्यामागे गावचे पुरुष, आणि काहीतरी चाललंय एवढंच कळलेले शहरातले पाहुणे. उत्तरेकडच्या गृहस्थांनी वडाच्या मुळावरून उठून विचारलं, "आम्ही काय वाजवू?" लायवहिनींनी त्यांच्या हातात दोन झाकणं दिली. निशाणवाल्या मुलीला पातेलं मिळालं. तिने निशाण पातेल्यात ठेवलं आणि चालायला लागली.

खाडीच्या तोंडाशी खरोखरच बघण्यासारखा देखावा होता. पाकहोकची लांबलचक होडी चिखलात तिरकी बसली होती, आणि तिच्यात जोडीजोडीने ऐंशी पुरुष, वल्ही उभी धरून, ऊन खात, अगदी ताठ. मधोमध ढोलापाशी तिनयाऊ. त्याचं टक्कल भाजून लाल झालं होतं. याउथामची माणसं दिसली तशी त्याने मान दुसरीकडे वळवली. पाण्याने घात केला तरी मान सोडायचा नाही, असं त्या पाठमोऱ्या टकलावर लिहिलेलं होतं.

फुंगयीने झाकण उचललं. तिला एकदम वाटलं, हे हास्यास्पद दिसेल. हे लोक म्हणतील, आमची किंमत कढईएवढी केली. पण शेजारी सिउलिन उभी होती, चपला हातात धरलेली, आणि होडीकडे बघत नव्हती, ताईकडे बघत होती. फुंगयीने डाव हाणला.

मग सगळ्यांनीच हाणला. खरा फटाका इतका वाजला नसता. लोखंड, जर्मन, स्टील, पितळ, त्यात बायकांचा ठेका, त्यात पाहुण्यांचा बेताल. सिउलिनने दोन्ही चपला एकमेकींवर आपटायला सुरुवात केली. होडीतल्या तरुण पोरांचे खांदे हलायला लागले. हसू आवरत नव्हतं. तिनयाऊ मात्र पाठ करूनच बसला होता. फुंगयीचा हात भरून आला, पण ती थांबली नाही. गेल्या वर्षीचं सगळं तिला आज वाजवून टाकायचं होतं.

अखेर तिनयाऊ वळला. त्याने त्या सगळ्या भांड्यांकडे पाहिलं, ट्रे बडवणाऱ्या हाऊकाकांकडे पाहिलं, चपला वाजवणाऱ्या आपल्या बायकोकडे पाहिलं. त्याने ढोलाच्या काठ्या उचलल्या आणि उत्तर दिलं. तीनदा. होडी पुढे-मागे जाण्यासारखी नव्हती, तर पोरांनी बसल्या जागी तीनदा पुढे-मागे झुकून रीत पुरी केली. आणि मग सगळे धपाधप चिखलात उतरले.

काठावरून वायमानने पहिली उडी टाकली. मग याउथामचे बाकीचे. होडी पाण्यावरून नव्हे, माणसांच्या हातांवरून गावात आली, कंबरभर चिखलातून, इंच इंच, आणि कोण कुठल्या गावचा ते चिखलामुळे ओळखू येईना. पाहुण्यांचे फोन चालूच होते. उत्तरेकडचे गृहस्थ झाकणं बडवत काठाने शेवटपर्यंत चालले.

अंगणात आल्या आल्या फुंगयी चुलीकडे वळली. सहा टेबलं आता भरणार होती आणि शेवटचे हंस अजून चिरायचे होते. सिउलिनने पाय धुतले, ठोकळ्यापाशी गेली आणि वर न बघता खिळ्यावरची सुरी काढली. तिने अंगठ्याने धार पाहिली.

"ही कुणी लावली?"

"कोण लावणार?"

"वापरलीस?"

"शपथ. नुसती धार आणि तेल."

"वर्षभर?"

"वर्षभर."

सिउलिनने पहिला हंस पुढे ओढला. ठोकळ्यावर सुरीचा ठेका सुरू झाला. वर्षभर या अंगणात तोच एक आवाज कमी होता, हे फुंगयीला आत्ता कळलं.

पाकहोकवाले जेवले, आणि असे जेवले की कढया खरवडून काढाव्या लागल्या. होडी परत न्यायची तर संध्याकाळच्या भरतीपर्यंत थांबणं भाग होतं, त्यामुळे एरवी हात धुऊन निघणारे पाहुणे दुपारभर बसले. भांडण मिटवायला ओहोटीसारखा मध्यस्थ नाही. सहा टेबलांवर कोण कुठला हा हिशेबच राहिला नाही. सहलीची मंडळी वल्हेकऱ्यांमधे घुसून बसली. तिनयाऊ आणि वायमान एका बाटलीपाशी होते.

"भाऊजी," तिनयाऊ म्हणाला, "गेल्या वर्षी बटण तुम्हीच दाबलं होतं ना?"

"मीच. आणि पुलाखाली चहा कुणी पाजला?"

"मीच."

"मग घ्या अजून थोडी," वायमान म्हणाला, आणि तो हिशेब तिथे संपला. उत्तरेकडच्या गृहस्थांनी भाताची तिसरी वाटी संपवून हाऊकाकांना विचारलं, "पण आजोबा, जिंकलं कोण?" हाऊकाकांनी त्यांची रिकामी वाटी उचलून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही."

ऊन उतरलं, पाणी चढलं. पाकहोकची होडी तरंगली, आणि या खेपेला स्पीकरही चार्ज झालेले होते. वायमानने बटण दाबलं, तडतड झाली, पण बायकांनी झाकणं पुन्हा उचललीच. होडी वळणाआड गेली. सिउलिन मेट्रोने जायची होती. तिने पिशवीत लीचीची जुडी घातली, हंसाचा डबा घातला. फुंगयीने खिळ्यावर पुन्हा टांगलेली सुरी बघितली. आता दिली तर ती घेऊन जाईल. आपली वस्तू आपण नेली तर दोष नसतो, हे खरं. पण खिळा रिकामा होईल.

"सुरी राहिली तुझी," तरी ती म्हणाली. "गेल्या वर्षीपण विसरलीस."

सिउलिन फाटकाशी थांबली. चिखल वाळलेल्या चपला तिने पायात घातल्या.

"ताई," ती म्हणाली, "जन्मभर सुरी धरलेली बाई आपली सुरी विसरते होय?"

आणि ती हसली, पिशवी खांद्याला लावली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली. सुरी खिळ्याला होती.